दान दिलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावरील अट नाहीशी झाली. मूळ कागद कोठून मिळवावेत?

प्रश्न – माळरान

आमच्या आजोबांनी १९६४ साली गावालगतची साडेचार एकर जिरायत जमीन एका शिक्षणसंस्थेला नोंदणीकृत बक्षीसपत्राने दिली. त्या वेळी संस्थेची एक शाळा आणि एक वसतिगृह होते. पुढे संस्थेची महाविद्यालये झाली आणि काही वर्षांपूर्वी तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संस्थेने काम चांगले केले आहे आणि जमीन परत मागण्याचा आमच्या घरात कोणाचाही विचार नाही. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण प्रश्न कागदांचा आहे.

घरात जपून ठेवलेल्या जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात "शैक्षणिक कामासाठीच वापर, बक्षीसपत्रातील अटीस अधीन" असा शेरा स्पष्ट वाचता येतो. संगणकीकृत सातबाऱ्यावर तो रकाना कोरा आहे. कब्जेदार म्हणून पूर्वी संस्थेच्या न्यासाचे नाव होते, आता विद्यापीठाचे आहे. मधल्या काळात गावात गटवारी झाल्याने सर्व्हे नंबरही बदलला आहे. त्याच जमिनीच्या रस्त्याकडील बाजूस आता व्यापारी गाळे उभे राहिले असून ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले असल्याचे गावात सांगितले जाते.

बक्षीसपत्राची आमच्याकडची प्रत हरवली आहे. तहसील कार्यालयात माहिती अधिकाराखाली फेरफाराची नक्कल मागितली, तेव्हा "सदर अभिलेख अभिलेख कक्षात आढळून येत नाही" असे एका ओळीचे उत्तर आले. विद्यापीठाने तर "आम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही, सबब माहिती देणे बंधनकारक नाही" असे कळवले. आजोबांनी घातलेली अट नेमकी काय होती आणि ती नोंदीतून कोणाच्या आदेशाने गेली, एवढेच आम्हाला जाणून घ्यायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर – चावडीवाचक

मी महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आपण ज्या कार्यालयात प्रथम गेलात ते या कामासाठी शेवटचे कार्यालय आहे. सातबारा हा मालकीचा दस्त नव्हे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, परंतु त्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि ती पुसल्याने मालकीवरील अटही पुसली जात नाही. अट बक्षीसपत्रात आहे आणि शेरा ही केवळ तिची सावली आहे. म्हणून आधी बक्षीसपत्र मिळवा.

स्थावर मिळकतीचे बक्षीसपत्र नोंदणीशिवाय होतच नाही, त्यामुळे ते दुय्यम निबंधकांच्या पुस्तक क्रमांक एकमध्ये (स्थावर मिळकतीच्या दस्तांच्या नोंदवहीत) असणारच. नोंदणी अधिनियमाच्या कलम ५७ प्रमाणे या पुस्तकाची आणि त्याच्या सूचीची नक्कल फी भरून कोणालाही मागता येते आणि त्यासाठी आपण वारस असल्याचे सिद्ध करण्याचीही गरज नसते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील ई-शोधात १९६४ ची नोंद सापडणार नाही, तेव्हा तेथे वेळ घालवू नका. कार्यालयात जाऊन सूची क्रमांक दोनचा (मिळकतीनुसार केलेल्या सूचीचा) शोध अर्ज द्या आणि त्यात गाव, जुना सर्व्हे नंबर व देणाऱ्याचे नाव लिहा. नव्या गट नंबराने शोधलेत तर हाती काही लागणार नाही. त्या काळात अनेक कार्यालयांतील दस्त छायाचित्रणासाठी पुण्याच्या शासकीय फोटो नोंदणी कार्यालयात जात असत, म्हणून "येथे नाही" असे उत्तर मिळाल्यास "मग पुण्यास पाठवला होता काय, याची नोंद दाखवा" असे लेखी विचारा.

सर्व्हे नंबराचा गट कसा झाला, याची साखळी एकत्रीकरण योजनेच्या कागदांत असते. भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयातून ९(३) आणि ९(४) चे उतारे मागा. बहुतेक भांडणांत हाच दुवा निसटलेला असतो, कारण जुना उतारा एका नंबराचा, नवा दुसऱ्या नंबराचा, आणि दोन्ही एकच जमीन आहे हे दाखवणारा कागद कोणाजवळच नसतो.

आणखी एक कागद आहे, ज्याकडे वकीलही क्वचितच वळतात. आपले गाव मुंबई कुळवहिवाट कायद्याच्या क्षेत्रात असेल, तर शेतकरी नसलेल्या संस्थेला शेतजमीन बक्षीस देण्यासाठी कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागत असे. ती घेतली गेली असेल, तर प्रांत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात त्या प्रकरणाची संचिका असेल आणि तिच्यात दानाचा हेतू, बहुधा मसुद्याची प्रतही, जोडलेली असेल. पुढे तेथे वसतिगृहाची इमारत उभी राहिली म्हणजे बिनशेती परवानगीही झाली असणार. ती १५ ऑगस्ट १९६७ पूर्वीची, म्हणजे संहिता लागू होण्याआधीची असेल, तर संहितेखालील नव्हे, १८७९ च्या जुन्या कायद्याच्या कलम ६५ खालील आदेश मागा. चुकीचे कलम लिहिलेला अर्ज कारकून दप्तर न उघडताच निकाली काढतो.

उत्तर – तिसरी तारीख

दिवाणी बाजूची वकिली करतो. चावडीवाचक यांच्याशी सहमत आहे, परंतु माझ्या मते आपल्या प्रश्नाचा गाभा पुसलेल्या शेऱ्यापेक्षा कब्जेदाराच्या बदललेल्या नावात आहे, आणि आपण त्यावरून एका वाक्यात पुढे गेला आहात.

दान न्यासाला मिळाले होते. आज नाव विद्यापीठाचे आहे. न्यास आणि विद्यापीठ ही कायद्याच्या दृष्टीने एकच व्यक्ती असून केवळ नाव बदलले असेल, तर अर्ज आणि ठराव यांवर फेरफार होऊ शकतो. मात्र विद्यापीठासाठी स्वतंत्र संस्था नोंदवली गेली असेल, तर एका कायदेशीर व्यक्तीची जमीन दुसरीकडे गेली आहे आणि त्यासाठी नोंदणीकृत दस्त हवा. शिवाय विद्यापीठाला जमीन देणारा सार्वजनिक न्यास असल्याने महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरीही हवी. हेच कलम भाडेपट्ट्यालाही लागू आहे. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा अधिक, आणि बिनशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने द्यायची असल्यास मंजुरी लागते. गाळ्यांचे करार किती मुदतीचे आहेत हे गावच्या ऐकीव माहितीवर ठरवू नका. ते नोंदलेले असतील तर सूची क्रमांक दोनमध्ये दिसतील.

म्हणून नावबदलाच्या फेरफाराची नक्कल घ्या आणि गाव नमुना सहामधील (फेरफार नोंदवहीतील) "संपादित केलेल्या अधिकाराचे स्वरूप" हा रकाना नीट वाचा. तेथे दस्त क्रमांक आणि तारीख आहे, की नुसते "संस्थेच्या अर्जावरून" एवढेच लिहिले आहे, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

आता कटू भाग. अट सापडली म्हणजे जमीन परत येते, असा समज दात्यांच्या वारसांत सर्रास असतो. आपल्याला जमीन नको आहे असे आपण म्हणता ते ठीक, पण भाऊबंदांपैकी कोणाच्या मनात असेल तर त्यांनीही वाचावे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणे बक्षीस रद्द होण्यास, अमुक घटना घडल्यास ते रद्द व्हावे असे देणारा व घेणारा यांच्यात ठरलेले असावे लागते आणि ती घटना देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये. "शैक्षणिक कामासाठी देत आहे" एवढाच मजकूर असेल, तर न्यायालय त्याला बहुधा हेतूचे निवेदन मानेल, परतीची अट मानणार नाही. तरीही तो मजकूर निरुपयोगी ठरत नाही, कारण न्यासाची मिळकत कोणत्या उद्दिष्टासाठी आहे हे त्यावरून ठरते आणि त्या उद्दिष्टाबाहेरच्या वापराबद्दल धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागता येते.

उत्तर – एक अर्जदार

माहिती अधिकाराच्या बाजूने लिहितो. "आढळून येत नाही" हे उत्तर अधिनियमात बसत नाही. माहिती नाकारण्याची कारणे कलम ८ आणि ९ मध्ये दिलेली आहेत आणि संचिका गहाळ होणे हे त्यांपैकी कारण नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने विश्वास भांबुरकर प्रकरणात १३ सप्टेंबर २०१३ रोजी हेच सांगितले आहे: जो अभिलेख कधीतरी कार्यालयाकडे होता, त्याचा कसून शोध घ्यावा लागेल आणि तो तरीही मिळाला नाही तर चौकशी करून जबाबदारी निश्चित करावी लागेल. आपल्या राज्यात त्यावर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे आणि अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्यास त्याच्या कलम ९ खाली पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. हे कलम अपिलात नमूद केले की हरवलेले कागद सापडण्याचे प्रमाण वाढते, असे मी पाहिले आहे; त्याचे कारण सांगायला नको.

नवा अर्ज करताना फेरफाराची नक्कल पुन्हा मागू नका. त्या गावच्या फेरफार नोंदवहीचा त्या वर्षाचा खंड अभिलेख कक्षात जमा झाल्याची नोंद मागा, तो बाहेर काढला गेला असल्यास मागणी नोंदवहीतील नोंद मागा, आणि नष्ट केला असल्यास नष्टीकरण यादी व त्यास मान्यता देणारा आदेश मागा. फेरफार नोंदवही कायम जतन करण्याच्या वर्गातील आहे, तेव्हा नष्टीकरण यादी दाखवता येणार नाही आणि "सापडत नाही" म्हणणे त्यांना अवघड होईल. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. आजोबांच्या दातृत्वाचा परिच्छेद मनात ठेवा, अर्जात लिहू नका. अर्जाबरोबरच "आपले अभिलेख" संकेतस्थळावर त्या गावचे जुने फेरफार स्कॅन करून चढवले आहेत का, हेही पाहा. कक्षात न सापडलेला कागद तेथे दिसल्याची उदाहरणे आहेत.

विद्यापीठाच्या उत्तराबद्दल. राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ असते तर वादच नव्हता. अभिमत विद्यापीठांबाबत वाद होतो आणि अनेक जण "सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य" या निकषावर येतात. सर्वोच्च न्यायालयाने डीएव्ही कॉलेज ट्रस्ट प्रकरणात १७ सप्टेंबर २०१९ रोजी म्हटले की शहरातील जमीन फुकट किंवा मोठ्या सवलतीत मिळणे हेही भरीव साहाय्य ठरू शकते. या निकालाचा आधार घेताना सावध राहा, कारण तेथे जमीन सरकारने देण्याचा मुद्दा आहे आणि तुमच्याकडे ती आजोबांनी दिली आहे. सरकारी अनुदानाची किंवा सवलतीची स्वतंत्र माहिती असेल तरच हा मार्ग धरा.

त्यापेक्षा सोपी वाट आहे. खासगी संस्थेची जी माहिती एखाद्या सार्वजनिक प्राधिकरणाला अन्य कायद्याखाली मिळवता येते, तीही कलम २(च) प्रमाणे "माहिती" आहे. त्यामुळे विद्यापीठाच्या दारात बसण्याऐवजी सहायक धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाचा परिशिष्ट एकचा (त्या कार्यालयातील न्यासाच्या नोंदवहीचा) उतारा, या जमिनीसंबंधीचे बदल अर्ज आणि कलम ३६ खालील मंजुरी मागा. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाकडे, अभिमत दर्जा मागताना संस्थेने जमिनीच्या मालकीची म्हणून जी कागदपत्रे दिली ती मागा. त्रयस्थ पक्षाची किंवा व्यक्तिगत माहिती असल्याचे सांगितले, तर १९६४ च्या कागदापुरते कलम ८(३) दाखवा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेबाबत, तीन अपवाद वगळता, कलम ८(१) मधील नकार चालत नाहीत.

उत्तर – विश्वस्त मंडळातला

एका छोट्या शिक्षणसंस्थेच्या मंडळावर काम केले असल्याने दुसरी बाजू मांडतो. जमीन माळरान असताना पन्नास वर्षे कोणी फिरकत नाही आणि बाजूने चौपदरी रस्ता गेला की दात्याच्या नातवंडांना बक्षीसपत्र आठवते, हेही आम्ही पाहिले आहे. प्रश्नकर्त्याचा हेतू तसा आहे असे मी म्हणत नाही. मात्र पहिलेच पत्र माहिती अधिकाराचे गेले की संस्था ते वकिलाकडे देते आणि वकील "देऊ नका" असेच सांगतो. कुलसचिवांना साधे पत्र लिहून दान स्वीकारल्याच्या ठरावाची प्रत मागितली होती का? दान दात्याच्या हयातीत स्वीकारले गेले नाही तर ते वैधच होत नाही, म्हणून असा ठराव संस्थेच्या इतिवृत्तात बहुधा असतो, आणि तो जपणे संस्थेच्याही हिताचे असते.

"दान" हा शब्दही जपून वापरावा. अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. राजा महेंद्र प्रताप यांनी विद्यापीठाला जमीन दान दिली, असे सभांतून वर्षानुवर्षे सांगितले गेले. ज्या तीन एकरांच्या तुकड्यावरून वाद पेटला त्याचा कागद मात्र १९२९ चा, वर्षाला दोन रुपये भाड्याचा, नव्वद वर्षांचा पट्टा होता. मुदत संपत आली तेव्हा वारसांनी नोटीस पाठवली. तेथे दान की पट्टा यावरच सारा प्रश्न फिरला आणि भाषणांतील शब्द कोणाच्याच कामी आला नाही.

उत्तर – चावडीवाचक

विश्वस्त महोदयांच्या उदाहरणाला जोडून, नोंदींची ताकद दाखवणारे दुसरे उदाहरण शांतिनिकेतनचे आहे. ते विद्यापीठाला मिळालेल्या दानाचे नाही, विद्यापीठाने दिलेल्या पट्ट्याचे आहे, तरी उपयोगी आहे. अमर्त्य सेन यांच्या वडिलांना १९४३ मध्ये मिळालेला पट्टा सव्वा एकराचाच होता आणि तेरा डेसिमल जमीन जास्तीची आहे, असे विश्वभारतीचे म्हणणे होते. राज्य सरकारच्या हक्कनोंदीत १.३८ एकर दिसत होते. १९ एप्रिल २०२३ रोजी जागा सोडण्याचा आदेश निघाला, ४ मे रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली आणि ३१ जानेवारी २०२४ रोजी सिउडीच्या जिल्हा न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तेरा डेसिमल म्हणजे आपले जेमतेम पाच गुंठे. एवढ्याशा तुकड्यासाठी दोन्ही बाजूंना ऐंशी वर्षांपूर्वीचे कागद काढावे लागले.

प्रश्नकर्ता – माळरान

सर्वांचे आभार. जुन्या सर्व्हे नंबराने सूची क्रमांक दोनमध्ये नोंद सापडली आणि दस्ताची प्रमाणित प्रतही मिळाली. छायाचित्रावरील अक्षर फिकट असले तरी लागते. संबंधित परिच्छेद असा आहे: "सदरहू जमिनीचा उपभोग संस्थेने विद्यार्थ्यांचे शिक्षण व वसतिगृह याच कामी करावा, अन्य कामी लावू नये अगर कोणास फरोक्त (विक्री) करू नये." जमीन परत घेण्याबद्दल काहीही नाही. खाली दोन साक्षीदार आहेत आणि संस्थेच्या तत्कालीन चिटणिसांनी "मान्य" म्हणून सही केली आहे.

नावबदलाचा फेरफारही स्कॅन केलेल्या नोंदींत मिळाला. रकान्यात "संस्थेचा अर्ज व ठराव यावरून विद्यापीठाचे नाव दाखल" एवढेच लिहिले आहे. दस्त क्रमांक नाही. इतर हक्कातील शेऱ्याचा त्यात उल्लेखच नाही, म्हणजे तो कमी करण्याचा आदेश या फेरफाराने तरी झालेला नाही. आता तहसीलदारांकडे जावे की धर्मादाय आयुक्तांकडे?

उत्तर – तिसरी तारीख

दोन्हीकडे जा, पण दोन वेगळ्या मागण्यांसाठी, आणि एकीचा मजकूर दुसरीत मिसळू देऊ नका.

तहसीलदारांकडे संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज करा. हस्तलिखित उताऱ्यावर असलेला शेरा कोणत्याही फेरफाराविना संगणकीकरणात गळला, हीच लेखनप्रमाद दुरुस्तीची सरळ बाब आहे. हस्तलिखित सातबारा, चालू सातबारा, ९(३)-९(४) चे उतारे आणि बक्षीसपत्राची प्रमाणित प्रत जोडा. या अर्जात कब्जेदाराच्या नावाबद्दल एक शब्दही लिहू नका. लिहिलात तर तहसीलदार "हा मालकीचा वाद आहे, दिवाणी न्यायालयात जावे" असा शेरा मारून सगळेच निकाली काढतील, आणि तांत्रिकदृष्ट्या त्यांचे बरोबर असेल.

नावाचा प्रश्न धर्मादाय कार्यालयाचा आहे. परिशिष्ट एकमध्ये ही जमीन आजही न्यासाच्या नावे दिसत असेल आणि कलम ३६ ची मंजुरी नसेल, तर सातबारा एक सांगतो आणि न्यासाची नोंदवही दुसरे, अशी स्थिती आहे. तो उतारा हाती आल्याशिवाय प्रांताधिकाऱ्यांकडे फेरफाराविरुद्ध अपील करू नका. साठ दिवसांची मुदत केव्हाच उलटली आहे. विलंब माफीसाठी सबळ कारण लागेल आणि तो उतारा केव्हा मिळाला, ही तारीखच ते कारण असू शकेल. न्यासात हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींना कलम ५० व ५१ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या संमतीने दावा करता येतो, पण दात्याचा नातू एवढ्यावर हितसंबंध मानला जाईल असे गृहीत धरू नका. गावातील एखादा माजी विद्यार्थी किंवा सध्याच्या विद्यार्थ्याचे पालक सोबत घ्या.

परत घेण्याचे कलम दस्तात नाही, ही गोष्ट विद्यापीठाला लिहिण्याच्या पत्रात आरंभीच नमूद करा. विश्वस्त महोदय म्हणतात ती भीती त्याने बरीच कमी होईल. चिटणिसांची "मान्य" ही सही असलेल्या पानाची प्रत त्याच पत्राला जोडा आणि पोच घ्यायला विसरू नका.